देवळीत कोन बसते?

१२ जानेवारी १९५८

आज धर्मपालनं मले विहिरीपाशी, चार बाया पाह्यत असताना विचारलं, "मोठीमाय, तुह्या देवळीत तू काय लपवून ठेवलं?"

माह्या डोक्यावर भरलेली घागर होती म्हून वाचला. हातात असती तं त्याच्याच डोक्यावर ओतली असती.

धर्मपाल म्हनजे माह्या देराचा पोरगा. सवा वरसाआंधी याचं नाव मारोती होतं. दीक्षा घेतली, नाव बदललं अन् मोहल्ल्याच्या मंडळाचा चिटनीस झाला. बोरीले बाजारात त्याची शिवनाची मशीन हाय. मले राग आला का मी त्याले अजून मारोत्याच म्हनतो. मंग थो इकडंतिकडं पाह्यते, कोनी आयकलं तं नाही म्हून.

देवळीत काय हाय? काहीच नाही. हेच तं सारं रडगानं हाय.

माह्या परसाकडच्या भितीत हातभर देवळी हाय. पह्यले तिच्यात मरीमाय होती, खंडोबा होता, शेंदराचे दोन गोटे होते अन् पितळेची एक बाई होती, तिचं नाव कोनालेच ठाव नव्हतं. दीक्षा घेऊन आलो तवा साऱ्या मोहल्ल्यानं आपापले देव टोपल्यात भरले अन् अडान नदीच्या डोहात नेऊन टाकले. पह्यली टोपली माही. बाकीच्या बाया टाकतानी मनातल्या मनात माफी मांगून राह्यल्या होत्या. मी तं नेम धरून फेकले. खंडोबा पार तिकडच्या काठाले लागला.

घरी येऊन देवळी घासली. तेल, काजळी, शेंदूर, सारं खरवडून काढलं अन् चुना मारला. दुसऱ्या दिवशी झाडलोट करून तिच्यापुढं सहज टेकली. समोर काहीच नाही. कोनी लिंबू मांगत नाही, कोंबडं मांगत नाही, तुहं चुकलं म्हनत नाही. कापसाचा बोजा डोक्यावरून उतरवला का मान हलकी होते अन् दुखतेही, तसं झालं.

तवापासून रोज बसतो. चहा ठेवाच्या आंधी, डोळे उघडे ठेवून. एवढंच. याले लपवनं म्हनतात?

फोटो माह्या घरी हायेत. बुद्धाचा हाय, बाबासाहेबाचा हाय, दाराच्या वर, फ्रेमीत. रोज पुसतो. मारोत्याले पायजे का थे देवळीत ठेवावं. मी म्हनलं, "एवढा शिकेल मानूस, त्याले तू मरीमायच्या खोलीत भाड्यानं ठेवतं?" तं तोंड फुगवून गेला.

१३ जानेवारी

विहिरीवर बाया मांगंच लागल्या. "पंचफुला, सांग न व, सकाळी कोनापुढं बसतं?"

मी म्हनलं, "पाव्हना येते."

"कोनता पाव्हना?"

"दिसत नाही. खात नाही, पेत नाही, बीडी मांगत नाही, शिव्या देत नाही. तुमच्या नवऱ्याहून बरा हाय."

लय हासल्या. एकीची तं घागर घसरली.

२१ जानेवारी

आज माह्या पोरीचा, नलूचा बाप जाऊन तीन वरसं झाली. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हनतात. वहीत कोन अडवते. गोविंदा. गोविंदा. गोविंदा.

मले त्याची आठोन येत नाही. राग येते.

पोट फुगलं होतं त्याचं. दारव्ह्याले डाक्टर हाय, मी बंडी जुंपून ठेवली होती, बैलं दाराशी उभे. तं हा म्हने, "मरीमायनं सपनात सांगतलं, मंगळवारच्या आंधी नदी वलांडू नको." मी पाया पडली, शिव्या देल्ल्या, हात धरून वढला. देवळीकडं बोट दाखवून म्हने, "तिच्यापेक्षा तुले जास्त समजते का?"

सोमवारी दुपारी मेला.

त्याची रोजची सवय होती, सकाळी चहाच्या आंधी देवळीपुढं बसाची. त्याच वक्ताले मी बसतो, पन थे आपलं असंच. त्या वक्ताले घरात काम नसते म्हून.

२ फेब्रुवारी

चांगली खबर. नलूले मांगनं आलं. आर्नीचे बाबाराव म्हून हायेत, आपल्यातलेच, त्याइचा पोरगा मास्तर हाय. मास्तर! पगार सरकारी. नलूले सतरा सरून अठरावं लागलं. मोहल्ल्यातल्या पोरींपैकी तिलेच सातवीपर्यंत शिकवली मी. मी चारच बुकं शिकली, अन् थेही शाळेच्या वसरीत बाहेर बसून. आतमधून मास्तर सांगे, बाहेर मी लिहो.

नलूले विचारलं, "पसंत हाय का व?"

"तुले पसंत हाय तं हाय," म्हने.

"मी करू का लगन त्याच्याशी?"

तवा कुठं हासली. मनातून खूश हाय, मले दिसते. चार रोजापासून आंबाड्याची भाजी खारट करून राह्यली.

एक भानगड हाय. आर्नीवाल्यांचा नेम हाय का पोरीच्या गावच्या मंडळाकडून चिठ्ठी पायजे. या घरात जुना देव नाही, जुनी पूजा नाही, अशी. चिठ्ठी लिहनार कोन? मारोत्या.

९ फेब्रुवारी

लालीबाई सकाळीच आली, मी बसून होती तवा. ही तांड्यावरची बंजारीन, माही जुनी सोबतीन. पाटलाच्या वावरात वीस वरसं आमी दोघीनं एका वळीत कापूस वेचला. तिच्या आंगावर इतके आरसे, इतक्या कवड्या का ती आली का बकऱ्याचा कळप आल्यावानी वाजते.

नातवाले ताप होता तिच्या. आठ दिवस झाले, उतरून नाही राह्यला. माह्या बाजूले टेकली अन् देवळीत पाह्यत बसली. मंग म्हने, "याडी व, माय व, इथं तं काहीच नाही."

म्हनलं, "हो."

"बरं वाटते पन."

"मंग बस."

मी चहा देल्ला अन् तिले सांगतलं, पोराले आजच्या आज दवाखान्यात ने, नाही तं टांगडे तोडीन तुहे. नेलं तिनं. मोटारीनं यवतमाळले नेलं.

बसाले घेतो थे पोतं रोज थोडं सरकेल असते. मी देवळीपुढं भितीले चिकटून टाकतो, कामावरून आली का हातभर मांगं असते. मांजर बसत असन.

१५ फेब्रुवारी

मी वावरातून आली तं देवळीत दिवा! तुपाचा! नारळ फोडेल, शेंदराचं बोट वढेल, वरतून एक लाल चिंधी बांधेल. अन् देवळीपुढं धर्मपाल उभा. ब्लाउजाचं माप विचाराले आलता म्हने.

त्याचं तोंड असं पांढरं पडेल होतं का मलेच वाटलं याच्या घरी कोनी मेलं.

"मोठीमाय, हे काय?"

"मले ठाव नाही."

"तुह्या घरात, तुह्या देवळीत, अन् तुले ठाव नाही?"

तेवढ्यात लालीबाई परसातून हात धुऊन आली, वाजत गाजत. नातवाचा ताप उतरला म्हने, म्हून नवस फेडाले आली. मले काही सुधरलंच नाही. मी तिच्यावर अशी वरडली, अशी वरडली का कोंबड्या उडाल्या.

"ताप डाक्टरच्या सुईनं उतरला व भैताडे! या देवळीत कोनी नाही!"

"नाही कसं? तूच तं बायाइले म्हनलं, पाव्हना येते म्हून. साऱ्या तांड्याले ठाव हाय."

"थे मी गंमत केली!"

"असंन," ती म्हने. "पन जागा रिकामी होती. मले तिची दया आली. रिकाम्या जागेवर मानूस काही तरी ठेवतेच पंचफुला, आपलं भांडंकुंडं तरी."

दिवा विझवला, नारळ तिच्या पदरात टाकला, चिंधी चुलीत घातली. शेंदूर काही निघत नाही. चुन्यावर पसरला तं अजूनच वाढला. वीस वरसात पह्यल्यांदा लालीबाई माह्या घरून रडत गेली. जाऊ दे. मलेही रडू येऊन राह्यलं पन मी तिच्यासारखी आवाज नाही करत.

१६ फेब्रुवारी

मंडळ आलं घरी. धर्मपाल अन् दोन पंच. येतानी सब्बल घेऊन आले. भीत खोदून पाह्यनार होते, मांगं देव दडवले का म्हून.

एक पंच म्हने, "बाई, आंधी शपथ घे."

मी म्हनलं, "कोनाची घेऊ? होते थे सारे तं तुमी बुडवाले लावले. एखादा ठेवाचा असता शपथेपुरता."

दुसऱ्याले हासू आलं, त्यानं मिशीत दाबलं. धर्मपाल नाही हासला.

"मोठीमाय, तुले सारी गंमतच वाटते."

"तं काय रडू? बाबासाहेबानं सांगतलं, देव मानू नका. मी नाही मानत. रिकामी जागा मानू नका, असं कुठं लिहलं असन तं दाखव कागदावर. तू तं सातवी पास हाय."

"लोकं काय म्हनतात ठाव हाय का तुले?"

"लोकं! लोकं मले मरीमायच्या वक्तालेही होते. लोकंच सांगे, नदी वलांडू नका."

"खोदू का?"

"खोद."

त्यानं स्वताच सब्बल मारली. माती पडली. मारत गेला, परसात हात जाईन एवढं आरपार भोक झालं. मी पोत्यावर बसून पाह्यत होती. नलू दारात उभी. मांगं निंघालं काय, तं उंदराचं जुनं घर अन् गोविंदाची एक बीडी, कवाची तरी. देव नाही.

मले वाटलं, आता जातीन. गेले नाहीत. एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यत उभे राह्यले. मंग थो मोठा पंच म्हने, "काहीच नाही, तं मंग तू बसतं कायले?"

मी काय सांगू? इतकी बोलकी बाई मी, अन् तोंडातून शब्द निंघाला नाही, याचा राग अजून येऊन राह्यला. देव सापडला असता तं दंड घेऊन चहा पिऊन गेले असते. काहीच नाही सापडलं म्हून भेले. चिठ्ठी देल्ली नाही.

१८ फेब्रुवारी

धर्मपालनं ब्लाउज शिवून धाडला. एक बाही मोठी, एक लहान. बोरीले एवढी नामी मशीन घेऊन बसला अन् टाके पाहा, कुत्रं पळल्यावानी. नलू सांगत होती, बाजारात त्याच्या मशीनपाशी पाटलाचे पोट्टे येऊन बसतात. रोज विचारतात, "काय बे चिटनीस, तुह्या मोठीमायचा देव जित्ता झाला म्हनतात. तुमचा नवा धर्म बाहेरच्या खोलीपुरताच हाय का?" हा मान खाली घालून मशीन चालवते म्हने. एका पोट्ट्यानं शिवेल पंचरंगी झेंड्यावर पायही पुसला.

पुसला तं पुसला. त्या पोट्ट्याच्या थोबाडीत माराची सोडून हा माही भीत खोदते. जोर कुठं दाखवावा, हेही शिकवा लागते याले.

बाही मीच उसवून नीट केली.

१ मार्च

आर्नीहून निरोप आला. बाबाराव स्वता येनार, घर पाह्याले. चिठ्ठी नसली तरी चालन म्हने, डोळ्यानं पाहू. भला मानूस दिसते.

शेंदूर पुरा काढला. विटेच्या तुकड्यानं घासून घासून बोटाची सालं गेली. भोक तसंच हाय.

८ मार्च

उद्या बाबाराव येतीन. गूळ आनला, चहापत्ती आनली. चांगल्या कपबश्या शेजारून आनल्या. एकीले कान नाही, थे मी घेईन.

आज धर्मपालही आलता. दारातच उभा राह्यला. म्हने, "मोठीमाय, उद्या तेवढं तोंड सांभाळ. नलूचं लगन जुळू दे. मले काही नको."

"आत ये, चहा पे," मी म्हनलं.

"नाही," म्हने अन् गेला. पंचाइचं आयकून मलेच काय, चहालेही वाळीत टाकते!

९ मार्च

सारं लिहतो.

बाबाराव दुपारी आले. साठीचा मानूस, पांढरा सदरा, हातात छत्री. आवाज मऊ. आल्याबरोबर "जयभीम" केला, फोटोपुढं हात जोडले, मले "ताई" म्हनले. मंग देवळीपुढं येऊन उभे राह्यले. भोकातून परसातली बकरी आत पाहून राह्यली होती. थे तिच्याकडं पाहून हासले. मले बरं वाटलं.

"हेच का थे?"

"हेच."

"ताई, मी तुमाले जाब विचारत नाही. मानसाले कुठं शांत वाटन, थे कोनी सांगावं? मीही कवाकवा माह्या दुकानाच्या मांगं एकटा बसतो. पन माहं घर रस्त्यावर हाय. समोर बामनाचं, बाजूले मारवाड्याचं. आमच्याकडं थे सारे डोळे लावून बसले हायेत, हे टिकतीन का नाही म्हून. एक भोकही त्याइले पुरते. तेवढी देवळी बुजवून टाका. फोटो लावा तिथं. लगन वैशाखात करू."

बस. एवढंच मांगतलं. हुंडा नाही, भांडे नाही, मानपान नाही. देवळी बुजवा.

मी कवाची तयार होती! मले का समजत नाही? पोरीच्या लगनापुढं हातभर खड्डा काय चीज हाय. सकाळीच माती भिजवून ठेवली होती मी, तनस घालून, पायानं तुडवून. म्हनलं, पाव्हन्यासमोरच बुजवतो, त्याइच्या डोळ्यानं पाहू द्या. घमेलं घेऊन बसली, दोन गोळे मारलेही.

तं नलू म्हने, "माय, राहू दे."

मी तिच्याकडं पाह्यलं नाही. "तू चहा ठेव."

"माय, बुजवू नको."

"नलू, आत जाय."

गेली नाही. बाबारावच्या पुढं येऊन उभी राह्यली. पदर डोक्यावर होता, पन मान वर. म्हने, "बाबाजी, तुमच्या घरी मले बसाले अशी जागा भेटन का?"

थे म्हनले, "कशी जागा, लेकरा?"

"अशी. जिथं काही नसन."

"कायच्यापुढं बसशीन मंग?"

"कायच्याच नाही."

ही पोट्टी कवा बसे? मी वावरात गेली का बसे म्हने. एक वरसापासून. मले एका शब्दानं बोलली नाही. अन् मी मांजरीले दूध बंद केलतं पोतं सरकवते म्हून!

बाबारावनं छत्री भितीले टेकवली. मंग म्हनले, "लेकरा, तू बसशीन. मी काही म्हननार नाही. माही बायको म्हनन. शेजारी म्हनतीन. पोरगा शाळेत शिकवते, त्याले पोरं विचारतीन. तू काय सांगशीन?"

"सांगाचं कायले?"

"सांगाच लागते बाई," थे म्हनले. "आमाले तं सांगाच लागते. आमी काय आहोत, हे रोज सांगाच लागते."

चहा अर्धा पेले. उठले. दारात मले म्हनले, "पोरगी चांगली हाय, ताई. आमच्या घराले झेपनार नाही." छत्री इसरून गेले, परत आले, छत्री घेतली अन् गेले.

मी उठली अन् नलूच्या थोबाडीत मारली. हात गाऱ्याचा होता. तिच्या गालावर मातीचे पाच बोटं उठले.

"लगन मोडलं तुहं, भैताडे! मास्तर होता! कायच्यासाठी? खड्ड्यासाठी?"

ती रडली नाही. म्हने, "तू बुजवत होतं, थे माह्यासाठी ना? मंग मी नाही म्हनलं, थेही माह्यासाठीच."

"माह्यावानी रांड व्हाचं का तुले? एकटी? लोकाच्या वावरात कापूस वेचत?"

"नाही. मले लगन कराचं होतं," म्हने. तेव्हा रडली. "मले थो पसंत होता."

१० मार्च

बोलत नाही एकमेकीशी.

१२ मार्च

लालीबाई आली. सारं आयकलं अन् सरळ नलूपाशी जाऊन बसली. तिच्या गालावर हात ठेवला, मी मारलं त्याच जागी. जातानी मले म्हने, "मी दिवा ठेवला तं तू मले हाकललं. तुह्या पोरीनं तिथं आपलं सारं ठेवलं, तिले मारलं. तुले कोनी तरी काही ठेवलेलं पाह्यवतच नाही."

दिसली तं कापूस वेचनारी अन् बोलली तं अशी. मी दारात येईपर्यंत ती नाल्यापार गेली होती.

१४ एप्रिल

जयंती झाली. मी मिरवनुकीत पुढंच होती, पांढरं लुगडं नेसून. बाजारातून निंघालो तं पाटलाचा थो पोट्टा टपरीवर बसून होता, झेंड्यावर पाय पुसनारा. वरडला, "कोन व, पाव्हन्यावाली?"

मी वळ सोडली अन् त्याच्यापुढं जाऊन उभी राह्यली. म्हनलं, "हो, मीच. तुह्या बापाच्या वावरात वीस वरसं कापूस वेचला मी. तू उघड्या ढुंगनानं धुऱ्यावर रांगत होता, तवा तुहं नाकही मीच पुसलं. तवा विटाळ झाला नाही तुले. पाय पुसाचा असन तं हे घे, माहं लुगडं हाय, पुस."

पुसला नाही. टपरीवाला खाली पाहून पान लावत बसला. मिरवनूक थांबली होती. धर्मपाल झेंडा घेऊन माह्या बाजूले येऊन उभा राह्यला. काठी त्यानं दोन्ही हातानं छातीशी धरली होती. पोरगा अजून लहानच हाय. चोवीस वरस म्हनजे काय असते.

वापस वळीत लागतानी मले हळूच म्हने, "मोठीमाय, मी भीत खोदाले नको होती."

मी म्हनलं, "हो. नको होती."

माफ केलं असं नाही म्हनलं. केलंच नाही तं म्हनू कशी?

३ मे

आज बुद्धपौर्निमा. आर्नीच्या मास्तरचं लगन आज लागलं. घाटंजीकडची पोरगी केली. मोहल्ल्यातले दोघं जेवाले गेलते. नलूनं सकाळी भाकरी टाकल्या, पानी भरलं, बकरी सोडली. एकही काम चुकली नाही, म्हून मले समजलं.

मले कोनाचा राग येऊन राह्यला, थे नीट लिहून पाह्यतो. बाबारावचा नाही, थो खरं बोलला. धर्मपालचा हाय, पन थोडा. पंचाइचा हाय. पाटलाच्या पोट्ट्याचा तं हायच. गोविंदाचा हाय, थो जाईन तवा जाईन. अन् सगळ्यात जास्त या देवळीचा हाय.

आज सकाळी बसली तं समोर लगन. मांडव दिसते, मास्तर दिसते, नलूच्या गालावरची माती दिसते. पह्यले मरीमायनं माहा नवरा खाल्ला, तिले मी नदीत फेकलं. आता जिथं कोनीच नव्हतं, त्यानं माह्या पोरीचं लगन खाल्लं. याले कुठं फेकू? याले धराले हात पुरत नाही, फेकाले वजन नाही. म्हून मी तिथून उठली.

परसात नलू बकरीपाशी उभी होती. म्हनलं, "जाय, तू बस. माहं होत नाही."

"अन् तू?"

"मी कुठंही बसन. तुले काय कराचं?"

"कुठं?"

सांगतलं नाही. हासली नाही, खोटंही बोलली नाही, पाव्हना येते असंही म्हनलं नाही. नुसती चालत गेली. जिथं जाऊन बसली, तिथं भीत नाही, पोतं नाही. राग सोबत होता, थो बाजूले बसला. अर्धा तास दोघंही उठलो नाही. ती जागा कुठं हाय, हे मी इथंही लिहत नाही.